बंदुकीवरची दुर्बीण मी घेतली नाही

मंडळी, आज आमच्या अर्विंग शहरातल्या एका शिकारीच्या दुकानात मी चारचौघांत हट्ट केला.

आम्ही ज्या रानात रानडुकरं मारायला जातो, तिथे शेजारच्या, गुरं पाळणाऱ्या म्हाताऱ्या रँचरची वासरंही घुसतात. म्हणून अंधारात अंगाची ऊब पांढरी दाखवणारा थर्मल कॅमेरा हवा होता.

विक्रेत्याने बंदुकीवर बसवलेली थर्मल दुर्बीणच पुढे केली. सोबत आलेला आमचा देशपांडे खूष! "यार, हीच घे. बघणं आणि नेम, दोन्ही एकात!"

त्याने बंदूक उचलून डोळ्याला लावली आणि माझ्याकडे वळला. "वा! आयुष्यात पहिल्यांदा गोरा दिसतोयस!"

नळी माझ्या पोटावर होती.

"रिकामी आहे रे!"

रानात ती रिकामी नसते, देशपांडे. समोर डुक्कर आहे, वासरू आहे की म्हातारा, हे कळायच्या आधीच बंदूक रोखायची?

मी हातात धरायचा साधा कॅमेराच घेतला. विक्रेता म्हणाला, "अनुभवी शिकारी असलं घेत नाहीत." म्हटलं, तो अनुभव तुम्हालाच लखलाभ!

देशपांडे घरी येईपर्यंत फुगलेला. फुगू दे. तुमच्यात आधी नेम धरून मग माणूस ओळखणारे किती, ते सांगा.