मुरू दे म्हटलेली बाटली

माझा थोरला भाऊ तीस वर्षं परदेशी प्रवासी बोटींवर जेवण वाढायच्या कामाला होता. नोकरी संपवून अलिबागला परतला तो फ्रान्समधल्या बरगंडीच्या लाल वाईनचं वेड घेऊन. आमच्या आळीत दारू म्हणजे एकतर माडी, नाहीतर बायकोपासून लपवलेली बाटली. हा मात्र दिवसाउजेडी ओटीवर बसून हुंगत हुंगत प्यायचा. मी हसलो की म्हणायचा, अडाण्या, आधी नाकानं पी.

त्यातही खोड अशी, की नावाजलेल्या सालाची बाटली त्याला नकोच. ती म्हणे मोठ्या घरची सून, दहा वर्षं तोंड उघडत नाही. पाऊस फार झाला, द्राक्षं धड पिकली नाहीत, म्हणून जाणत्यांनी ज्या सालाला नाकं मुरडली त्या सालाची तो ओळखीच्या बोटवाल्यांकडून मागवायचा आणि दोन-तीन वर्षांतच फोडायचा. थंडीत शेतावर पोपटी लावली की मडक्यातल्या वालाच्या गरम शेंगा आणि सोबत ही, जराशी गार केलेली. खरं सांगतो, झकास लागायची. पण कशी आहे विचारलं की मी आपला म्हणायचो, चांगली आहे. तो कपाळावर हात मारायचा.

एकदा चैत्रात त्यानं एक बाटली मला ठेवायला दिली. बजावलं, हे शहाळं आहे, नारळ व्हायची वाट बघू नकोस. मी मान डोलावली आणि बाटली माळ्यावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिली. मुरू दे. आमच्या घरात चांगली वस्तू लगेच काढायची म्हणजे पापच. नव्या चादरीसुद्धा पाहुण्यांची वाट बघत पिवळ्या पडतात.

पुढच्या फाल्गुनात त्याच्या घशात गाठ निघाली. सोमवारपासून विजेचे शेक सुरू व्हायचे होते. तोंडाची चव जाईल, परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला आणि बाटली मागितली. मला ते भलतंच अभद्र वाटलं. शेवटचं पाणी पाजल्यासारखं. म्हटलं, बरा झालास की पोपटीला फोडू.

"तोंडाला चव हाय तवर दे रे," तो म्हणाला.

नाही दिली. वर त्यालाच झापलं, की असं मनात आणतोस म्हणून आजार बळावतो. तो उठून गेला. कसला शहाणा मी!

शेक झाले. चव गेली, वासही गेला, गाठ मात्र राहिली. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी पौषात मी हट्टानं पोपटी लावली, त्याला खुर्चीत बसवून शेतावर नेलं आणि बाटली फोडली. दोन उन्हाळे कौलांखाली शिजलेली ती. ओतली तर चहाच्या रंगाची, आणि वास निव्वळ शिरक्याचा. पेले स्टीलचे होते म्हणून त्याला रंग दिसला नाही.

त्यानं पेला ओठांना लावला, घोट तोंडात घोळवला आणि मान हलवली. काहीच नाही.

"तू सांग, कशी हाय?"

चांगली आहे, एवढ्यावर भागणार नव्हतं. मग मी जन्मात पहिल्यांदा बोललो. जांभळाचा वास येतोय म्हटलं. ओल्या पानांचा येतोय. मागाहून जरासा गुलाबाचा. सगळे शब्द त्याचेच, वर्षानुवर्षं ऐकून हसलेले. तो डोळे मिटून ऐकत होता. माझा आवाज फुटत होता, तर त्याला वाटलं मला चढली.

"मंग थांबलो ते बरंच झालं," तो म्हणाला आणि आपला पेला माझ्याकडे सरकवला. "माझीबी पी. वाया नको."

प्यायलो. दोन्ही पेले, सावकाश, मिटक्या मारत.