डाव्या हाताच्या चिंचा

कुणी रस्ता सांगताना "डावीकडे वळा" म्हणालं की मी आधी विचारतो, तोंड कुठे करून? घरचे हसतात. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला सगळ्यात खोट काढायची सवय. वाटू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ओव्हरसिअर होतो, तोही कच्चा. दर काही महिन्यांनी ऑर्डर वाढवून घ्यायची आणि पक्कं होण्याची वाट बघायची. नागपुरात माझ्या खोलीच्या आसपासच्या लोकांना परिषद म्हणजे मास्तरांच्या बदल्या, एवढंच ठाऊक. पण खेड्यातले रस्ते, विहिरी, दवाखाने, कोणत्या गावाला यंदा काय द्यायचं त्याचा आराखडा आणि त्यासाठीचा अर्थसंकल्प, सगळं तिथे ठरायचं. रस्त्याकडेची झाडंसुद्धा परिषदेचीच. चिंचांचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला त्याची एक ओळ असायची. अर्थ समितीत त्या एका ओळीवरून जितकी भांडणं ऐकली तितकी लाखांच्या कामांवरून ऐकली नाहीत.

नरखेडकडच्या एका गावाला रुंद रस्ता हवा होता. संत्र्याचे ट्रक फाट्यावरच थांबत आणि तिथवर माल बैलगाडीने न्यावा लागे. रस्ता एकाच बाजूने वाढवायचा आणि ज्या बाजूला झाडं कमी ती बाजू घ्यायची, असं सभेत ठरलं. निदान तेवढी अक्कल त्या सभेला होती. झाडं मोजायचं काम माझ्याकडे आलं.

सकाळची एसटी थेट गावात जायची, संध्याकाळची मात्र फाट्यावरूनच मिळायची. म्हणून मी गावातून मोजत फाट्याकडे निघालो. सोबत रस्त्याच्या गँगचा मुकादम, पन्नाशीचा, हातात गेरूचा डबा. एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून तो प्रत्येक खोडाला गेरूचं बोट लावायचा आणि ओरडून सांगायचा, "उजवी, चिंच. लिवा साहेब." मी लिहायचो. आमच्या उजव्या हाताला चिंचाच चिंचा. त्या त्याच्या बापाने लावलेल्या, बापही याच गँगवर होता. लहानपणी विहिरीवरून घागरी आणून पाणी यानेच घातलेलं. डाव्या हाताला ती विहीर, चार बाभळी आणि एक कडुनिंब.

"ह्या तर नाही ना जात, साहेब?" त्याने विचारलं.

"नाही मामा. कमी झाडांची बाजू घेणार आहेत."

"मंग बेस लिवा. एकही सोडू नका."

आमच्या खात्यात डावं-उजवं ठरलेलं असतं. रस्त्याची लांबी जिथून मोजतात, म्हणजे इथे फाटा, तिथे उभं राहून गावाकडे तोंड करायचं. मग डावा हात ती डावी बाजू. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी उलटा चालत आलो होतो, तेव्हा ऑफिसात बसून डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करायला हवं होतं. घाईत जसंच्या तसं उतरवलं आणि सही ठोकली. माझ्या तक्त्याप्रमाणे डावी बाजू जवळजवळ मोकळी. समितीने डावी बाजू मंजूर केली, सभेने हात वर केले.

फेब्रुवारीत नकाशा ट्रेस करत होतो. विहिरीचा गोल उजव्या बाजूला होता, आणि मला पक्कं आठवत होतं, विहीर बाभळींच्या बाजूची. म्हणजे तोडायच्या बाजूला चिंचा आल्या होत्या.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. चहाला जायचो आणि चहा न पिताच परत यायचो. ऑफिस सुटलं की सीताबर्डीपासून सदरपर्यंत पायी, तसाच पुन्हा मागे. खोलीवरचा सोबती म्हणाला, "काहून गा, पोरगी पाहून राहिला का?" त्याला काय सांगणार? शेवटी एका सकाळी उपअभियंत्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं.

"लेखी दे," ते म्हणाले. "आजच वर पाठवतो. पण ऐक. सभा आता एप्रिलमध्ये. मार्चअखेर पैसा परत जाईल अन् रस्ता पुढच्या आराखड्यात, म्हणजे कधी ते देवाले ठाऊक. तुझी पक्की ऑर्डर मोठ्या साहेबांच्या सहीले आहे, तेही सांगून ठेवतो. मंग म्हणू नको, सांगितलं नाही." आणि त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. भला माणूस. त्यांनी दमदाटी केली असती तर आज त्यांच्या नावाने बोटं मोडायची तरी सोय झाली असती.

कागद मी खिशात घातला. उद्या देतो म्हणालो. मग उद्याचं परवा, परवाचं सोमवार. गावाला रस्ता हवाच आहे, झाडं काय पुन्हा लावता येतील, असा स्वतःशीच वाद घालत होतो. ते सगळं थोतांड. खरं कारण पक्की ऑर्डर. मी भित्रा होतो, दुसरं काय?

मार्चच्या मध्यात तोड सुरू झाली. देखरेखीला मलाच पाठवलं. ठेकेदाराला तक्त्यात लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लाकूड मिळत होतं, तो कशाला तोंड उघडतो? पहिली चिंच आडवी झाली तेव्हा पिकलेल्या आकड्यांचा सडा पडला. गावातल्या बायका टोपल्या घेऊन आल्या आणि बोलत बोलत वेचायला लागल्या. खोडावर गेरूचं बोट अजून दिसत होतं. मी तिथून बाजूला झालो, परत आलो, पुन्हा बाजूला झालो.

मुकादम सकाळपासून विहिरीच्या काठावर बसून होता. दुपारी उठून माझ्याकडे यायला लागला. त्याला खरं काय ते सांगून टाकायचं, हे मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण आधी तोच बोलला.

"साहेब, माह्यंच चुकलं."

मी हातातली वही मिटली.

"मीच वरडून सांगत होतो न डावी-उजवी. गावाकडून सांगत आलो, फाट्याकडून सांगाले पायजे होतं. सारी उमर या रस्त्यावर गेली, एवढं समजाले नाही पायजे का मले? तुम्ही नवे. मी सांगतलं तसं लिवलं तुम्ही. बापाच्या चिंचा मीच तोडून राहिलो." त्याने टोपी काढून तोंड पुसलं. मग आवाज खाली करून विचारलं, "तुमच्या नोकरीले तर काही होनार नाही ना?"

खिशात तो कोरा कागद होता, घडीवर मऊ पडलेला.

"नाही होणार," मी म्हणालो. "होतं असं, मामा. माणूस चुकतो."

असं म्हणून मी त्याला माफ केलं. त्याने मला हात जोडले.