वहिनीने मतपेट्या अडवल्या

वहिनीचा पाय मोडला तेव्हा मी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होतो. पाळी संपवून बाहेर आलो, तर गेटवर दादा उभा. माझा हा थोरला भाऊ कधी सुरतेला आलेला नव्हता. पायजमा गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेला, डोळे लाल. मला बघून एवढंच म्हणाला, "तुनी वहिनी आठे दवाखानामा शे. चाल."

आमचं गाव नवापूरच्या पुढे, डोंगराच्या माथ्यावर. राज्य महाराष्ट्राचं, पण उन्हाळ्यात आकाश मोकळं असलं की गुजरातेतले दिवे दिसतात. आमच्याकडे तेव्हा दिवा नव्हता. विजेचे खांब पायथ्याशी आणून टाकले होते, ते तिथेच गवतात पडून राहिले. रस्ताही पायथ्याशी संपायचा. मीठ, रॉकेल, पत्रे, आजारी माणूस, सगळं डोक्यावर किंवा खांद्यावर. शाळा होती, मास्तर झेंडावंदनाला यायचे. आणि पाणी गावामागच्या घळीत, एका झिऱ्यात. चैत्रात तिथे वाटीने पाणी उपसून हंडा भरायचा आणि तो डोक्यावर घेऊन शेवाळलेल्या खडकावरून वर चढायचं. वहिनी तिथेच पडली. मांडीचं हाड मोडलं.

गावातल्या गड्यांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला खाली उतरवलं. खालच्या गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते. मीटिंगला गेले होते म्हणे. रात्रभर वहिनी व्हरांड्यातल्या फरशीवर पडून राहिली. सकाळी कंपाउंडर आला, पायाला दोन फळ्या बांधल्या आणि म्हणाला, "इथं काही होणार नाही, शहरात न्या." दादाला नावाने ठाऊक असलेलं शहर एकच, जिथे मी होतो ते. मिरच्यांच्या गोण्या घेऊन एक टेम्पो सुरतेच्या मार्केटला निघाला होता. त्या गोण्यांवर वहिनीला टाकून त्याने आणलं.

सुरतेच्या डॉक्टरने पाय बघितला आणि दादाला विचारलं, "पहले क्यों नहीं लाए? अब पैर छोटा रहेगा."

दादाने मान खाली घातली. चूक जणू त्याचीच! ती खाली गेलेली मान बघून माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "इसको क्या पूछते हो साहब? हमारे यहाँ रस्ता नहीं है, डॉक्टर नहीं है, उनको पूछो!" डॉक्टर तरुण होता, चांगला होता, त्याचा काय दोष? नर्सने मला बाहेर काढलं. ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो माणूस कुठे बसतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

प्लास्टर घातल्यावर वहिनी माझ्या खोलीवर राहिली. दादा गुरांसाठी परत गेला. खोलीसमोर सगळ्या चाळीचा एक नळ होता. वहिनी उंबऱ्यात पाय लांब करून बसायची आणि त्या नळाकडे बघत राहायची. भांडी घासणाऱ्या बाया नळ सुरूच ठेवून बोलत बसल्या की तिच्या जिवाची घालमेल व्हायची. ओरडून सांगायची, "अवं, बंद कर ना ते!" बायांना मराठी कळायची, तिचा जीव का तुटतो ते कळत नव्हतं.

एकदा तिने मला विचारलं, "भाऊ, आठे पानी कोन लई येस?"

"कुणी नाही. पाइपातून येतं. लांब तापीवरून."

"मंग आम्हना डोंगरवर काबर नही येत?"

मी शर्ट खुंटीला अडकवत राहिलो.

त्यातच घरमालक भाड्यासाठी आला. भला माणूस. वहिनीची विचारपूस केली आणि मला म्हणाला, "तमारे त्यां तो हवा केवी सरस! त्यां तो माणस मांदोज न पडे." तुमच्याकडे माणूस आजारीच पडत नसेल! वहिनीचा पाय त्याच्या समोर प्लास्टरमध्ये होता. खोली जायची भीती होती, मी भाडं मोजून दिलं. पण तेव्हापासून आमच्या डोंगराच्या हवेचं कौतुक कुणी केलं की माझं तोंड कडू होतं.

वहिनी काठी टेकत गावी परतली. पुढच्या वर्षी निवडणूक लागली. मी मतदानाला म्हणून रजा काढून गेलो.

मतपेट्या दर वेळी गावातले गडीच पायथ्यापासून वर आणायचे. कोतवाल यायचा, हाक मारायचा, गडी निघायचे. कुणी कधी विचार केला नव्हता. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी कोतवाल आला आणि आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "चला रे, निवडणुकीचे साहेब खाली थांबलेत." दादा उठला, खांद्यावर टॉवेल टाकला. वहिनी दारात आडवी काठी धरून उभी राहिली.

"कोनी नही जावाव," ती म्हणाली.

"अवं वहिनी, सरकारी काम शे," कोतवाल म्हणाला.

"मना पाय मोडना तवय सरकारनं कोन उनं व्हतं? त्यास्ना पेट्या त्यास्नीच उचलाव्यात."

दादा तिला बाजूला सारायला गेला. मी त्याचा हात धरला. तोवर शेजारच्या बायाही बाहेर आल्या होत्या. झोळीला खांदा दिलेले गडी तिथेच होते. त्यांतला एकेक जण ओट्यावर बसला. शेवटी दादाही टॉवेल मांडीवर घेऊन बसला. कोतवाल एकटाच खाली गेला.

दिवस मावळायला साहेब वर आले. पेट्या त्यांनी, दोन कारकुनांनी आणि पोलिसानेच आणल्या होत्या. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. वहिनीने आधी सगळ्यांना तांब्याभर पाणी दिलं. साहेबांनी हातपाय धुवायला आणखी मागितलं.

"ते घळमा शे," ती म्हणाली. "जा, लई या."

मी साहेबांना झिऱ्यावर नेलं. ते कळशी घेऊन खडकावरून चढताना दोनदा बसले. वर आल्यावर म्हणाले, "मी लिहितो. हे सगळं वर लिहितो मी." आवाज खरा होता. तो माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्याने लिहिलंही.

कसं कळलं, सांगतो. पुढच्या निवडणुकीला आमच्या गावाचं मतदान केंद्र हलवलं. वर जायला रस्ता नाही, कर्मचाऱ्यांचे हाल होतात, म्हणून केंद्र पायथ्याच्या गावी! साहेबांना चढावं लागू नये एवढी सोय सरकारने चटकन केली. रस्ता नाही, पाणी नाही, खांब गवतातच. आता म्हाताऱ्यांनी डोंगर उतरून मत द्यायचं आणि पुन्हा चढायचं. ही बातमी मला मिलमध्ये गावच्या एका पोराने सांगितली, तेव्हा मी मशीनच्या पत्र्यावर इतक्या जोरात हात आपटला की सुपरवायझर धावत आला.

मी गेलो. गावात बरेच जण म्हणत होते, जायचंच नाही, बहिष्कार टाकू. मीही तेच म्हणालो. वहिनी मात्र पहाटेच लुगडं नीट करून काठी घेऊन निघाली होती.

"काबर जास वहिनी?" मी चिडून विचारलं. "कोणासाठी?"

ती थांबलीही नाही. "नही गयूत तर म्हनतीन, वर कोनी ऱ्हासच नही."

मग आम्ही सगळे तिच्यामागून उतरलो. ती आखूड पायाने, एकेक दगड चाचपत. केंद्रावर रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली, शिक्का मारला. बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पायथ्याच्या गावातल्या हापशावर तिने तोंड धुतलं, ओंजळ ओंजळ पाणी प्याली आणि डोंगराकडे बघितलं.

"चला," ती म्हणाली. आणि आम्ही चढायला लागलो.