मंठ्याचे खलाशी साहेब

रामकिसनभाऊ आमच्या ऑफिसात आले ते टेम्पोतून, लोखंडी कपाटाला पाठ टेकवून. कपाट मंठ्याच्या ऑफिसातलं, टेबलफॅन मंठ्याचा, खुर्च्या मंठ्याच्या आन् माणूसही मंठ्याचा. टेम्पो जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या गेटातून आत शिरला तेव्हा मी झाडून काढत होते. वर बघितलं आन् म्हणलं, आता ह्यातलं सामान कोणतं आन् कर्मचारी कोणता, हे कोण सांगावं? सगळे हसले. मीबी हसले. पुढं त्या हसण्याची माझी मलाच लाज वाटली.

मी गिरिजा. बियाणे तपासणीच्या ऑफिसात शिपाई. साहेब लोक येतेत आन् जातेत, मी जागची हालत न्हाई, म्हणून माझं तोंड जरा जास्त चालतं. कुणाला पटो न पटो.

झालं असं की सरकारनं ठरवलं, वजनकाटे तपासणारं ऑफिस वेगळं आन् बियाणं तपासणारं वेगळं कशाला, दोन्ही एक करून टाका. राजपत्र निघालं. आमच्या सबिहा मॅडमनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. तिकडची सगळी मालमत्ता, चालू केसेस आन् कर्मचारी इकडं वर्ग. कुणाचा पगार कमी होणार न्हाई, कुणाची नोकरीची वर्षं तुटणार न्हाईत, आन् ज्याचं पद इकडं न्हाई त्याला समकक्ष पद मिळंल. ऐकायला लई गोड वाटलं. कायदा करणाऱ्यानं पगाराचा इचार केला, पेन्शनीचा केला. माणसानं घरी काय सांगून ठेवलंय, ह्याचा इचार तो कशाला करतोय?

रामकिसनभाऊंनी सांगून ठेवलं होतं की आपण साहेब आहोत.

आता ते बिलकुलच खोटं होतं असंही न्हाई. मंठ्याच्या मोजमाप ऑफिसात निरीक्षक होते तवर भाऊ त्यांच्यामागं वजनाची पेटी घेऊन बाजारभर फिरायचे. मंग निरीक्षकाची बदली झाली आन् ती जागा काही भरली न्हाई. ऑफिस उघडणारे भाऊ, झाडणारे भाऊ, पंख्याखाली बसणारेही भाऊच. आडत्याला काटा कधी तपासून मिळंल ते इचारायचं असलं की तो दारातूनच 'साहेब' म्हणून हाक मारायचा. रोज रोज साहेब ऐकलं की माणूस काय करणार? त्यांनी सफारी शिवून घेतला. पगाराच्या कागदावर मात्र पद होतं खलाशी. खलाशी म्हणजे नावेवरचा माणूस. आमच्या जिल्ह्यात प्यायला पाणी न्हाई, नाव कुठली चालवता? पण सरकारात पेटी उचलणाऱ्याला कधीतरी कुणीतरी खलाशी म्हणलं आन् तेच चालत आलं.

त्यांना एकच लेक, आकांक्षा. तिच्यासाठी आष्टीचं स्थळ आलं. घरी शेती, आन् पोरगा अंगद सरकारी नोकरीत. कुठल्या? आमच्याच ऑफिसात, लॅबमध्ये सहायक. बैठकीत पाव्हण्यांनी इचारलं, मुलीचे वडील काय करतेत? मधल्या माणसानं छाती फुगवून सांगितलं, मोजमापात साहेब हायेत. भाऊ शेजारीच बसले होते. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आन् गप बसले. सोयरीक जुळली, लग्न झालं. मंठा तिकडं, अंगदचं ऑफिस इकडं, कोण कुणाची चौकशी करायला जातंय?

मंग दोन्ही ऑफिसं एक होणार अशी बातमी आली. अंगदला तर आभाळ ठेंगणं झालं. चहाच्या वेळी सगळ्यांना सांगत सुटला, माझे सासरे तिकडं साहेब हायेत, आता येऊन तुमच्या बोकांडी बसतील. मी म्हणलं, मंग तुम्ही घरजावई झालात म्हणा की. तो लाजला. तिकडं भाऊ काय करून राह्यले होते, ते मला मागाहून कळलं. बीडला टाका म्हणले, परभणीला टाका म्हणले, कुठंबी टाका पण जालना नको. वरून उत्तर आलं, कपाट जिकडं जाईल तिकडं माणूस.

तर तो टेम्पो आला. अंगद सासऱ्याच्या स्वागताला गुलाबाचा हार घेऊन पायऱ्यांवर हुबा. जीपच्या वाटंकडं बघून राह्यला होता बिचारा. टेम्पोचा फाळका पडला, आन् भाऊ कपाटाची एक बाजू धरून खाली उतरायला लागले. दोघांची नजरानजर झाली. हेच त्याचे सासरे, हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक न्हवतं, आता मी सांगते म्हणून तुम्हाला कळतंय. मला दिसलं ते एवढंच, की अंगद हार बगलेत धरून खाली आला आन् कपाटाची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून कपाट आत नेलं. हार त्यानं लॅबमधल्या गणपतीला घातला.

चहाला कल्याण क्लार्कनं खोचून इचारलंच, तुमचे साहेब सासरे कुठं राह्यले? अंगद म्हणला, त्यांनी रिटायरमेंट घेतली. भाऊ तिथंच, दाराशी, कपाटाखाली लाकूड सारत होते. त्यांनी ऐकलं. सासऱ्याचं खोटं होतं ते होतंच, आता जावयाचंही झालं, आन् दोघंही त्यात अडकले.

आमच्याकडं खलाशी हे पद न्हाई. मॅडमनी पगार जुळवून बघितला तर पहारेकरी बराबर बसला. भाऊंना खाकी मिळाली आन् गेटावरचं स्टूल मिळालं. आमच्याकडं कोर्टातल्या केसेसचे बियाण्याचे नमुने असतेत, म्हणून नियम हाये, येता-जाता हरेकाची पिशवी पहारेकऱ्यानं उघडून बघायची. मॅडमचीबी. भाऊ खाली मान घालून बघायचे, अगदी हळू, कुणाचं काही सांडू न्हाई असं.

अंगद मात्र गेटातून येईना. लॅबच्या मागं एक दार हाये, त्याच्यापलीकडं नाला आन् वेड्या बाभळी. तो तिकडून यायला लागला. गाडी आधी आमच्या शेडात लावायचा, ती आता पलीकडच्या सळईच्या गिरणीच्या भिंतीला लावायचा. शर्टाला काटे, पायजम्याला कुसळं. मी एकदा म्हणलं, काय वो, नाल्यात काही पुरून ठेवलंय का? तो हसला न्हाई. भाऊंच्या स्टुलावरून ती बाभळीची वाट दिसायची. थोड्या दिवसांत भाऊंनी स्टूल फिरवून रस्त्याकडं तोंड करून ठेवलं. मला वाटलं, उन्हामुळं.

मंग मुख्यालयातून माणसं आली, वर्ग झालेली मालमत्ता बघायला. खुर्च्या झाल्या, पंखा झाला, कपाट उघडलं, वजनाची पेटी उघडली. आत मखमलीत हरेक वजनाला आपापला खड्डा, आन् त्यातला एक रिकामा. ती साधी वजनं न्हाईत म्हणं. बाजारातली सगळी वजनं खरी का खोटी, हे त्यांच्यावरून ठरवतेत. असलं वजन गेलं म्हणजे चोरीच. ती माणसं मॅडमला जवाब मागून निघून गेली.

मॅडमनी सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. भाऊ तेवढे गेटावर. मॅडम तशी चांगली बाई हाये, पण त्या दिवशी तिचाच जीव टांगणीला लागला होता. पिशवी न तपासता कोण बाहेर जातं, असं इचारल्याबरूबर कल्याण म्हणला, अंगद. रोज मागच्या दारानं. मॅडमनी अंगदला इचारलं, का? तो म्हणला, जवळ पडतं. मॅडम म्हणल्या, गाडी गिरणीच्या भिंतीला, वाट नाल्यातून, आन् जवळ पडतं? अंगद शर्टाला अडकलेला काटा काढायला लागला. मॅडम म्हणल्या, खरं कारण सांगा, न्हाईतर मला पोलिसात तुमचं नाव द्यावं लागंल आन् चौकशी होईपर्यंत घरी बसावं लागंल. तरी हा जमिनीकडं बघत हुबा. मला तर त्याचा राग यायला लागला. म्हणलं, लेका, नोकरी चालली तुझी, बोल की.

मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आले आन् गेटावर जाऊन भाऊंना सांगितलं, तो लॅबवाला अंगद अडकला बगा, पोलिसात नाव चाललंय त्याचं. भाऊ उठले. काठी तिथंच पडली, गेट सताड उघडं राह्यलं. मी मागं पळाले.

केबिनच्या दारात त्यांनी टोपी काढली. आत यायची त्यांची कधी वेळच आली न्हवती. ते मॅडमच्या टेबलापर्यंत गेले आन् मान खाली घालून हुबे राह्यले.

"मॅडम, त्यांना काही इचारू नका," ते म्हणले. "ते माझे जावई हायेत. मी खलाशी असून सोयरिकीत साहेब म्हणून बसलो. आता माझ्या हातानं त्यांचा डबा उघडायची पाळी येऊ न्हाई, म्हणून ते रोज काट्यातून जातेत. खोटं बोललो तो मी हाये. त्यांचं नाव लिहू नका."

गिरणीत सळया पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मंग कल्याण नाकातल्या नाकात हसला, आन् मला वाटलं, हातातला पाण्याचा जग त्याच्या डोक्यावर उलटा करावा. अंगद भिंतीकडं तोंड करून हुबा होता, त्याचे खांदे हलत होते. मॅडम म्हणल्या, तुम्ही जा, मी बघते. आवाज नरम होता, पण वजन काही सापडलं न्हवतं. भाऊ तशीच मान खाली घालून, भिंतीला हात लावत बाहेर गेले. मंठ्यात ज्यांना बाजार साहेब म्हणायचा तो माणूस एवढा बारीक झालेला मी बघितला, आन् मला टेम्पोच्या दिवशीचं माझं हसणं आठवलं. जीव नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमचं टेबल पुसायला घेतलं. राजपत्रांचा गठ्ठा, पेनं, झेंडा, घंटी. गठ्ठ्यावर एक पितळी ठोकळा असतो, पंख्यानं कागद उडू न्हाई म्हणून. टेम्पोतलं सामान लावलं तेव्हापासून तो तिथं होता. मी रोज उचलायची, खालून पुसायची, परत ठेवायची. आम्ही बियाण्याची माणसं. प्रमाण वजन म्हणजे काहीतरी मोठं, चकचकीत असंल असंच सगळ्यांना वाटायचं. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, मी तो उलटा केला. खाली सरकारी शिक्का होता.

मी तशीच गेटावर गेले. भाऊ स्टुलावर बसले होते, खाकी कालचीच, रातभर झोप न्हाई हे डोळ्यांवरून कळत होतं. मी मूठ उघडली. त्यांनी वजन हातात घेतलं आन् अंगठ्यानं शिक्का चाचपला.

"कुठं होतं, बाई?"

"मॅडमच्या टेबलावर. काल तुम्ही जिथं हुबे होता, तिथून हातभर. कागदावर ठेवलं होतं कुणीतरी."

त्या वजनाला जन्मभर पाठीवर वागवलेला माणूस तो. नुसतं समोर बघितलं असतं तरी ओळखलं असतं. मला हे म्हणायचं न्हवतं, पण तोंडातून निघून गेलं, "भाऊ, तुम्ही एकडाव वर बघायचं होतं."

"मान वर झाली न्हाई, बाई," ते म्हणले.

ते वजन तिथं कुणी ठेवलं, हे आजपर्यंत कुणी कबूल केलं न्हाई. कल्याण तर त्या दिवशी दुपारपर्यंत आलाच न्हाई.

एवढ्यात अंगदची गाडी आली. गिरणीच्या भिंतीकडं वळली न्हाई, सरळ गेटावर आली. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला, आन् पिशवी पुढं धरली.

"मामा, बघा."

मी म्हणलं, अवो, वजन सापडलंय, राहू द्या आता. पण तो पिशवी मागं घेईना. भाऊंनी वजन माझ्या हातात दिलं आन् चेन उघडली. डबा काढला, गुडघ्यावर ठेवला, झाकण उघडलं. मेथीची भाजी, दोन भाकरी. लेकीच्या हातची भाकर बापानं ओळखली असणार, कारण हात तिथंच थांबला. येणारी-जाणारी माणसं बघून राह्यली होती. भाऊंची मान छातीला लागली होती.

"मामा, तोंड तरी बघा माझं," अंगद म्हणला. "न्हाईतर उद्या दुसऱ्याच कुणाला सोडाल आत."

रामकिसनभाऊंनी मान वर केली. जावयाकडं पुरतं बघितलंही न्हाई, तोवर डोळे भरले आन् मान परत खाली गेली. मंग ते डब्याचं झाकण लावायला लागले. ते काही केल्या बसंना. शेवटी अंगदनंच लावून घेतलं.