कमरेला बांधलेला ड्रम

“मास्तर, बांधा की दोरी. ड्रम पळायलाय.”

लग्नात वाद्यं मांडून झाली की अण्णा हे म्हणायचेच. मास्तर म्हणजे मी, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा, आणि अण्णा आमचे ड्रमवाले. भालकी असो की अफजलपूर, कार्यालयाच्या स्टेजची फरशी गुळगुळीतच असते. पायानं वाजवायचा मोठा ड्रम ठोक्यागणिक पुढे सरकतो आणि दोनचार गाण्यांत वाजवणाऱ्याच्या पायापासून लांब जातो. तुम्ही तोवर जेवणाच्या रांगेत असता, तुमच्या काही लक्षात येत नाही.

म्हणून बाकीचे ड्रमवाले ड्रमला दोरी बांधून तिचं दुसरं टोक बसायच्या स्टुलाला बांधतात. अण्णा ते स्वतःच्या कमरेला बांधून घ्यायचे. कारण विचारलं की म्हणायचे, “स्टूल हलकं हाय. मी जड हाय.” अंगावरचा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा आणि म्हणे जड!

त्यांच्या घरी मेंढरं होती तेव्हापासून ढोलही होता. त्यामुळे हात लहानपणीच तयार झालेला. “पायाला मातर शिकवावं लागलं,” असं ते सांगायचे. चप्पल बाजूला काढून ठेवायची, टाच जमिनीला टेकवायची आणि नुसता पंजा पेडलवर दाबून लगेच सोडायचा. हल्लीची पोरं टाच उचलून अख्खा पाय आपटतात. अण्णा म्हणायचे, “मारून धरायचं न्हाई, मास्तर. सोडलं की घुमतंय.” त्यांचा ठोका मोठा नव्हता, पण प्रवासानं आंबलेली माझी बोटं त्या ठोक्यावर बरोबर पडायची. मला तेवढाच आधार.

वाजवताना त्यांची मान सतत खाली, पायाकडे. नवरदेवाच्या मित्रांना वाटायचं, म्हातारा पेंगतोय. ते येऊन खांदा हलवून जायचे. मीही एकदा विचारलं, “अण्णा, कामून बघायलाव खाली सारखं?”

“पाय जाग्यावर हाय का बघायलोय,” ते म्हणाले. मी हसलो. तेही हसले.

मग अफजलपूरचं ते लग्न आलं. उन्हाळ्याची दुपार, पंखे नावाला. दोरी फोटोत वाईट दिसते म्हणून ऑर्केस्ट्राच्या मालकानं ती बांधू दिली नाही आणि ड्रमपुढे एक दगड ठेवला. ड्रम जागचा हलला नाही, पण अण्णांचा ठोका मात्र भरकटला. कधी लवकर, कधी उशिरा, कधी पडलाच नाही. गाणाऱ्या बाई दोनदा मागे वळून बघून गेल्या. गाणं कसंबसं संपलं तेव्हा अण्णा घामानं डबडबले होते.

“दोरी बांधा, मास्तर.”

“कुठं पळायलाय अण्णा? पुढं दगड हाय.”

“बांधा म्हणलो ना. आन् त्यो दगड काढा.”

मी दगड काढला, दोरी बांधली. ड्रम पुन्हा सरकू लागला आणि पुढच्याच गाण्याला ठोका ठिकाणावर आला. मालक दिवसभर अण्णांच्या पायाकडे बघत राहिला.

परतताना टेम्पोत अण्णा माझ्या शेजारी बसले होते. पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी सामानाच्या पेटीवर ठेवला.

“साखरेच्या बिमारीनं पाय बधिर झालाय, मास्तर. मारल्यालं कळत न्हाई, सोडल्यालं कळत न्हाई. ड्रम पळाला की कमरेला ओढ बसती, तवा कळतंय, पाय चालायलाय म्हणून.” मग म्हणाले, “मालकाला बोलू नका. ड्रम सोडून दुसरं काय येतंय मला?”

मला फार वाईट वाटलं. मी नुसतं “व्हय” म्हणालो.

त्यानंतर दोरी मी आणखी नीट ताणून बांधायचो. तसं बरेच दिवस निभावलं. मग मालकानं ड्रमऐवजी इलेक्ट्रॉनिक पॅड आणलं. आटोपशीर यंत्र, पेडलही त्याचंच, टेम्पोतली जागा वाचली. भालकीला आमच्या तालमीच्या खोलीत अण्णांनी दोरी पुढे केली. मी बांधली. पण ते यंत्र जमिनीला चिकटून बसलेलं. अण्णांनी अर्धं गाणं वाजवलं आणि हात खाली ठेवले.

“ह्ये पळतच न्हाई हो,” ते म्हणाले.

“चांगलंच की, अण्णा!” मालक हसला.

अण्णांनी दोरी सोडवून गुंडाळली. पाय चपलेत गेला का ते वाकून पाहिलं आणि घरी गेले. पुन्हा आले नाहीत.

परवा त्यांच्या घरी गेलो. आता त्यांना दिसतही नाही. तीच दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली, तिला धरून खाटेवरून उठायचं. माझा आवाज ओळखला, खुशाली विचारली, आणि मग हात आपोआप मांडीवर वरातीचा ठेका धरू लागले.

“मास्तर, पाय चालायलाय का बघा की.”

मी पाहिलं. टाच टेकलेली होती. पंजा निपचित पडला होता.

मी गजाची दोरी सोडली, त्यांच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक धरून समोर जमिनीवर बसलो. मांडीवर थाप पडली की इकडून थोडी ओढायची, लगेच सोडायची. अण्णांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी तो चेहरा मी सरळ पाहिला.

“चालायलाय की!” ते म्हणाले.

“जरा हळू मारा, अण्णा,” मी म्हणालो. “ड्रम पळायलाय.”