छत्तिसाच्या पुढचा आकडा

जर्मनीतल्या लेअर गावात लग्न ठरलं की लोक हॉल आणि हार्म्सबाई एकदमच ठरवायचे. वीबके हार्म्स तीस वर्षं लग्नांचे फोटो काढत होती, पण लोकांनी तिला कधी सुखानं काढू दिले नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी गिऱ्हाईकं नाकं मुरडायची, "अजून रोलवरच? लगेच बघायला नकोत का फोटो?" म्हणून तिनं एक सोडून सगळे जुने कॅमेरे विकले आणि पन्नाशीला टेकल्यावर डिजिटल शिकली. आता कुठे त्यात हात बसला, तर टॉमके नावाची नवरी येऊन सांगते कशी, "हार्म्सबाई, रोलवरच काढा. डिजिटल काय, कोणीही काढतं."

वीबकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हो म्हणाली, नाहीतर पोरगी दुसरीकडे गेली असती.

टॉमकेला एकच फोटो जिवापाड हवा होता, आजोबांबरोबरचा. एक्क्याण्णव वर्षांच्या फोल्कर्ट आजोबांना वृद्धाश्रमातून सकाळी तासाभरापुरतं चर्चमध्ये आणलं होतं. निळा सूट, गुळगुळीत दाढी, आणि स्वारी रंगात. नातीच्या कानात काहीबाही सांगून तिला हसवत होते. वीबकेनं भराभर फोटो काढले. दर वेळी डिजिटलच्या सवयीनं तिची नजर कॅमेऱ्याच्या पाठीकडे जायची आणि तिथे नुसता काळा पत्रा दिसायचा. स्वतःचाच राग येत होता तिला. तास संपला, आजोबा वृद्धाश्रमात परत गेले.

मग कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा छत्तीस झाला. सदतीस. अडतीस. रोल छत्तीस फोटोंचा, तरी रोल पुढे ओढायचा खटका आपला फिरतोच आहे. वीबकेच्या लक्षात आलं. रोलचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. रोल सरकला की तो परत गुंडाळायचं वरचं बटण आपोआप फिरतं. पूर्वी ती दर फोटोला ते बघायची. पंधरा वर्षांत डोळ्यांची ती सवयच मोडली होती.

टॉमके चहाच्या टेबलाशी होती. वीबकेनं तिला बाजूला घेतलं.

"आजोबांचा एकही फोटो आलेला नाही."

"अहो, सारख्या काढत तर होतात."

"काढत होते. रोल पुढे सरकलाच नाही."

टॉमकेनं हातातला कप खाली ठेवला. "रोलच खराब असेल."

"रोल चांगला होता. माझंच लक्ष नव्हतं."

"डिजिटल आणलाय का?"

"गाडीत आहे."

"मग चला."

वृद्धाश्रमात आजोबांनी सूट कधीच उतरवला होता. अंगात स्वेटर, त्यावर सूपचा डाग. "आता परत कशाला?" ते कुरकुरले. दमले होते बिचारे. टॉमके पांढऱ्या झग्यातच त्यांच्या पलंगावर टेकली. वीबकेनं फोटो काढला आणि लगेच तिला दाखवला. डाग, सुजलेले डोळे, सगळं लख्ख आलं होतं.

"आला का?" आजोबांनी विचारलं.

"आला," टॉमके म्हणाली.

आजोबा वीबकेकडे वळले. "भिंतीवर मात्र सकाळचा लावा हो, बाई. सकाळी मी बरा दिसत होतो."