सुईणमावशींचा पाहुणचार

सुईणमावशींना माघारी सगळे तोफ म्हणतात आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. राग येत नाही, आतून जरा बरंच वाटतं म्हणा ना. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कुणाला सायकल आडवी लावल्याबद्दल झापलं, की गल्लीतली गरोदर बाई घरात बाही वर करून रक्तदाब मोजून घ्यायला तयार. बेल वाजवायची वेळच येत नाही.

माणूस मात्र कामाला वाघ. घरी बाळंतपण करायचं म्हणजे नुसतं बाळ झेलायचं नव्हे, हे त्या नव्या जोडप्याला पहिल्याच भेटीत बजावतात. बाई काय खाते, झोपते का, नवऱ्याशी धड बोलते का, कशाला भिते, इथपासून ते बाळाला छातीशी कसं धरायचं आणि उगाच रडू यायला लागलं तर कुणाला फोन करायचा, इथपर्यंत सगळं त्या अंगावर घेतात. शिक्षण रीतसर, परवाना रीतसर. जवळच्या इस्पितळातली डॉक्टरीण त्यांची जुनी सहकारी. जिथे घरी होण्यासारखं नसेल तिथे मावशी वाद न घालता बाईला तिच्याकडे घेऊन जातात.

फुशारकी एकच. "मी दारात पाऊल टाकलं की कळा जोर धरतात," असं त्या चारचौघांत सांगायच्या. हल्ली सांगत नाहीत. का, तेच सांगतो.

मावशींकडे नाव घातलेली एक गरोदर मुलगी लॉजच्या काउंटरवर कामाला होती. दार ढकलून कुणी आत आलं की उठून उभं राहायचं, हसायचं, या म्हणायचं, काय हवं-नको विचारायचं आणि खोलीची किल्ली द्यायची, हे तिचं काम. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मितभाषी. शब्द उसने आणल्यासारखा जपून वापरायचा. दोघांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सोफा, आतल्या खोलीत पलंग, आणि मधल्या बोळात स्वयंपाकाचा ओटा.

"घरीच का हवं तुला?" मावशींनी पहिल्या भेटीत विचारलं होतं.

"दिवसभर मी लोकांना खोल्या देते," ती म्हणाली. "कुणी दोन दिवसांच्या वर राहत नाही. गेले की चादर बदलायची, की दुसरे हजर. माझं बाळ तरी तसल्या खोलीत नको, मावशी. त्याला माझ्या खोलीत येऊ दे." हे सगळं ती हसत हसतच बोलली, पण डोळे काठोकाठ भरले होते. मावशींनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

आणि चूक करून बसल्या. चूक ही, की त्या दर भेटीला पाहुणचार झोडत राहिल्या. गेल्या की गरम कॉफी, लोणी लावलेला पाव, पाठीला उशी. "गुडघा कसा आहे मावशी? परवा दुखत होता म्हणालात." मावशींना कोण कधी गुडघ्याचं विचारतं? त्या सैलावून गुडघ्याची सगळी कहाणी सांगायच्या. तपासायला गेलेल्या मावशींचीच तपासणी व्हायची. रक्तदाब, वजन, बाळाचे ठोके सगळं उत्तम असायचं, आणि किती गुणी पोर आहे असं म्हणत त्या तृप्त होऊन घरी यायच्या. ही पोर कशाला भिते, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

दिवस भरले. एका सकाळी नवऱ्याचा फोन आला. पाणी गेलंय, कळा येतायत, चांगल्या जोरात येतायत. मावशी बॅग आणि ऑक्सिजनची बुटकी टाकी घेऊन पोचल्या. दार उघडलं ते तिनेच. केस विंचरलेले, चेहऱ्यावर हसू.

"या ना मावशी. सकाळी सकाळी त्रास दिला तुम्हाला."

मदतीला म्हणून आलेली नणंद सोफ्यावर बसून तिने दिलेली कॉफी पीत होती. मावशींनी तपासलं. पाणी स्वच्छ, ठोके छान, ताप नाही. कळा मात्र गायब. वाट पाहिली, चालवलं, कमरेला शेक दिला. काही नाही. ती आपली मावशींना विचारतेय, तुम्ही काही खाल्लंत का.

शेवटी मावशी दुसऱ्या एका बाळंतिणीकडे जाऊन येते म्हणून निघाल्या. गल्लीचं वळण ओलांडतात न ओलांडतात तोच फोन. "सुरू झाल्या परत." धावतपळत माघारी आल्या, बेल वाजवली, आणि हसतमुखाने दार उघडून ही समोर हजर. "अहो, उगाच धावत आलात." कळा पुन्हा गुल.

दुपार कलली तेव्हा मावशींनी डॉक्टरिणीला फोन लावला. पाणी जाऊन बराच वेळ झाला होता, आणि पाणी गेल्यावर किती थांबायचं हे दोघींचं आधीच ठरलेलं होतं. "बाळ मजेत आहे ना? मग संध्याकाळपर्यंत बघ," डॉक्टरीण म्हणाली. "जमलं नाही तर घेऊन ये, मी खाट राखून ठेवते."

मावशींनी ते तिला सांगितलं. ती हसली. "काही हरकत नाही मावशी," असं म्हणून ती इस्पितळाची पिशवी स्वतःच भरायला लागली, आणि मग न्हाणीघरात गेली. आतून नळाचा आवाज आला. बराच वेळ आला.

"रडतेय ती," नवरा हळूच म्हणाला. "रडायचं असलं की नळ सोडते."

इतके महिने या घरात त्या येत होत्या आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

नवरा घुटमळला. "एक बोलू? तुम्ही गेलात की सुरू होतं."

"म्हणजे माझ्यामुळे थांबतं म्हणतोस?" मावशी फणकारल्या.

"तुमच्यामुळे नाही. कुणी आलं तरी तसंच. आमचं दार वाजलं ना, की ती घरात नसतेच. काउंटरवर असते. झोपेत बेल ऐकली तरी 'एकच खोली शिल्लक आहे' म्हणते."

कुणी मुस्कटात मारावी तसं झालं मावशींना. या वयात, एवढी बाळंतपणं केल्यावर, आपणच बाळाच्या वाटेत ठाण मांडून बसलोय? आधी राग आला, मग लाज वाटली, आणि लाज ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. संध्याकाळ काही फार लांब नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा मावशींनी तिला पलंगावर बसवलं. पडदे ओढले. ती चादर नीट करायला उठली तसं मावशींनी तिचा हात धरला.

"आता ऐक. मी पाहुणी नाही. तुझी नणंद पाहुणी नाही. आम्हाला भूक लागली तर आम्ही खाऊ, पडायचं झालं तर जमिनीवर पडू. मी अधूनमधून येऊन बाळाचे ठोके ऐकेन आणि न बोलता जाईन. डोळेसुद्धा उघडू नकोस. तू काही विचारलंस तर उत्तर देणार नाही. तुला काही हवं असेल तर मात्र हाक मार, धावत येईन."

"असं कसं मावशी, बरं दिसतं का ते?"

मावशी उत्तर न देता खोलीबाहेर आल्या. नणंदेला दटावून ओट्यापाशी उभं केलं, सूप करायला सांगितलं, नवऱ्याला हाक येईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वतः बोळात दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

आतून आवाज आला, "मावशी, चटई घ्या ना. फरशी गार आहे."

मावशी गप्प. तोफेला गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा असते, ते तोफेलाच विचारा.

"ताई, साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे हं."

नणंदेने तोंड उघडलं, मावशींनी डोळे वटारले, तिने तोंड मिटलं. तिलाही ते जड जात होतं. बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, म्हणजे किती उद्धटपणा.

"कुणी काही खाल्लं का?"

मावशी आत गेल्या, ठोके ऐकले, बाहेर आल्या. बाळ खुशाल होतं. ती मात्र अजून उशीवर कोपर टेकून अवघडून बसली होती, कान दाराकडे. आपण पोरीला एकटं पाडतोय की काय, या विचाराने मावशींचा जीव खालीवर होत होता. उठून मिठीत घ्यावं असं शंभरदा वाटलं, पण त्या हलल्या नाहीत.

हळूहळू प्रश्न विरळ झाले. मग बंदच झाले. सूप उकळत होतं, बाकी घरात आवाज नव्हता. आणि मग आतून एक हुंकार आला, खोल, पोटातून निघालेला. तो संपला. थोड्या वेळाने दुसरा आला. नणंदेने मावशींचं मनगट घट्ट पकडलं.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. "पंखा बंद करा. नको, लावा. हे सूप कशाला आणलंत, वास येतोय. कंबर दाब. तिथे नाही, खाली. अरे, खाली म्हणतेय ना." नवरा बिचारा घामाघूम होऊन कंबर दाबत होता, पण त्याचा चेहरा फुलला होता. इतक्या वर्षांत बायकोने पहिल्यांदाच त्याच्याकडे काही मागितलं होतं.

"मावशी," तिने हाक मारली. मावशी आत गेल्या. तिने मान वर करून पाहिलं. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसण्याचा मागमूस नाही. मावशींना तो चेहरा इतका आवडला की काय सांगावं.

"हात दे," ती 'तुम्ही' विसरून मावशींना म्हणाली. "आणि जाऊ नकोस."

बाहेर दिवे लागायच्या सुमाराला मावशींनी डॉक्टरिणीला फोन केला. "खाट दुसऱ्या कुणाला दे. आम्ही येत नाही." पुढे फार वेळ लागला नाही. पलंगाशेजारी गुडघ्यांवर, नवऱ्याच्या खांद्याला लटकून तिने मुलीला जन्म दिला. मुलगी आल्या आल्या ठणाणा रडली. वार नीट पडली, रक्तस्राव बेताचा. नणंद कोपऱ्यात डोळे पुसत होती, आणि तिला कॉफी हवी का असं कुणीही विचारलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण बाळंतपणापेक्षा त्यानंतरचे दिवस अवघड, हे मावशी उगाच नाही सांगत. बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. शेजारणी, लॉजमधल्या मैत्रिणी, नवऱ्याकडची माणसं. ही आपली उठून बाहेरच्या खोलीत. या, बसा, काय घेणार. अर्धवट प्यायलेलं बाळ आत नणंदेकडे. दूध भरपूर होतं, पण मुलीचं वजन हवं तसं वाढेना. मावशींनी समजावलं, नवऱ्याने समजावलं. ती "हो हो" म्हणायची आणि बेल वाजली की उठायची.

एका सकाळी मावशी वजनाचा काटा घेऊन गेल्या तर बाहेरची खोली भरलेली आणि बाळंतीण हातात ट्रे घेऊन उभी. आत बाळ कुरकुरत होतं. मावशींच्या जिभेवर शब्द आले होते. एक आवाज दिला असता तर खोली क्षणात रिकामी झाली असती. पण मग उद्या? परवा? मावशी काही जन्मभर त्या दाराशी पहारा देणार नव्हत्या.

तिने मावशींकडे पाहिलं, आता तुम्हीच काहीतरी बोला असं. मावशी छताकडे बघत राहिल्या. आत कुरकुरीचं रडं झालं. रड्याचा टाहो झाला. तिच्या झग्यावर दुधाचे दोन ओले डाग पसरले.

तिने ट्रे शेजारणीच्या मांडीवर ठेवला.

"मला बाळाला पाजायचंय. तुम्ही सगळे आता घरी जा."

"अगं, पाज की," शेजारीण म्हणाली. "आम्ही बसतो."

"नको. जा."

हसली नाही. माफीही मागितली नाही. माणसं चुळबुळत उठली, चपला शोधायला लागली. मावशी मनातून सुखावल्या आणि काटा घेऊन तिच्या मागोमाग आतल्या खोलीकडे निघाल्या. दारात ती वळली.

"मावशी, तुम्हीसुद्धा. उद्या या."

आणि तिने आतून कडी लावली.

मावशी काटा हातात धरून बंद दारासमोर उभ्या राहिल्या. आतलं रडणं थांबलं. मग बाळाचे घोट ऐकू यायला लागले, सावकाश, एकामागून एक. मावशींनी ते नीट ऐकून घेतले आणि बाकीच्यांबरोबर मुकाट्याने बाहेर पडल्या.

"किती उद्धट झालीये ही," जिना उतरताना शेजारीण म्हणाली.

"झालीये खरी," मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या पायरीवर त्यांना रडूच कोसळलं.